वाचनाची वेळ

गाणं व्हॅलेरियनच्या घरासमोर येऊन थांबलं. संपलं नाही, थांबलं; कडव्याच्या मधोमध, जिथं बायका सूर नेहमी जरा जास्तच वर नेतात नेमकं तिथं. मग चपलांचा आवाज आला, बऱ्याच चपलांचा, आणि सगळी पावलं जपून टाकलेली. एक पोर काहीतरी विचारायला गेलं, तर त्याला कोणीतरी ‘शू’ केलं. बंद दाराच्या आत, ट्यूबलाइटखाली, व्हॅलेरियन पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. आता दार वाजेल असं त्याला वाटलं. त्यानं शर्टाची कॉलर सारखी केली, घसा साफ केला. दार वाजलं नाही. पावलं पुढं गेली, आणि आग्नेलच्या कुंपणापाशी पोचल्यावर गाणं पुन्हा सुरू झालं, ज्या शब्दावर तुटलं होतं त्याच शब्दापासून.

ऑक्टोबर चालू होता, जपमाळेचा महिना. या महिन्यात मारिया मातेची मूर्ती आळीतल्या घराघरांत एकेका रात्रीच्या मुक्कामाला असते. काल जिथं होती ते घर आज तिला उचलतं, शेजारीपाजारी गात मागून येतात आणि पुढच्या घरी पोचवतात. तिथं सगळे मिळून माळ म्हणतात, उकडलेले चणे आणि वाडीतली केळी खातात आणि आपापल्या घरी जातात. काल मूर्ती रॉबर्टकडे होती. रॉबर्टनंतर व्हॅलेरियन, व्हॅलेरियननंतर त्याचा चुलतभाऊ आग्नेल. घरं ज्या क्रमानं उभी आहेत त्याच क्रमानं मूर्ती फिरते, व्हॅलेरियनच्या आजोबांच्या काळापासून तशीच फिरत आली आहे, त्यात कोणी कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. शिवाय तो समूहाचा प्रमुख. रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर त्यानंच उभं राहून कोणाकडे कधी ते वाचून दाखवलं होतं. आज मुंबईहून, ऑफिसातून आल्या आल्या त्यानं अंघोळ केली होती, टेबलावर त्याच्या बायकोनं, रेजिनानं विणलेलं पांढरं कापड अंथरलं होतं, चणे दुपारीच कामाला येणाऱ्या कृष्णाबाईकडून शिजवून घेतले होते. मूर्ती आल्यावर चार शब्द बोलायचे म्हणून तो ‘पाहुण्याचं स्वागत’ हे प्रकरण पुन्हा एकदा नजरेखालून घालत होता. त्या प्रकरणात कुठल्याशा डोंगरावरच्या मठातले लोक बर्फातून आलेल्या वाटसरूसाठी दार कसं उघडतात त्याचं वर्णन होतं. आणि मूर्ती त्याच्या दारावरून पुढं निघून गेली होती. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक झाली असेल, आता परत फिरतील, असं म्हणत तो कान देऊन बसला. पलीकडे आग्नेलच्या अंगणात खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले, आणि जरा वेळानं माळेची पहिली प्रार्थना सुरू झाली. खुर्च्या सरकवल्या म्हणजे झालं. आता कोणी परत फिरणार नव्हतं.

ज्युबिलीच्या वर्षी, दोन हजार साली, फादरांनी धर्मग्रामाचे, म्हणजे चर्चखालच्या सगळ्या घरांचे, लहान लहान समूह पाडले. पंधरा-वीस घरांचा एक समूह, त्याचा एक प्रमुख, महिन्याला एक बैठक. व्हॅलेरियन विमा कंपनीत हेडक्लार्क, इंग्रजी चांगलं, दारूला शिवत नाही. आळीनं त्याचं नाव सुचवलं आणि तो नाही नाही म्हणत मनातून खूश झाला. फादरांनी त्याला सेमिनरीतून चार पुस्तकं आणून दिली. ख्रिस्ती समूहजीवन म्हणजे काय, पहिले श्रद्धावंत एकत्र कसे राहायचे, एका छपराखाली राहणाऱ्यांनी एकमेकांचं कसं सोसायचं, असं सगळं त्यांत होतं. आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा माणूस ढोंगी वाटेल, आणि ढोंगी तो नव्हता. त्याला ती पुस्तकं खरोखर आवडली. पहिल्या संध्याकाळी पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यभर त्यानं मेलेल्या माणसांचे दावे मंजूर-नामंजूर केले होते. शेजारी राहणं ही विचार करण्यासारखी, शिकण्यासारखी गोष्ट आहे, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एवढी वर्षं आपण नुसतेच आळीत राहिलो, असं त्याला वाटलं, आणि राहून गेलेलं सगळं एका दमात भरून काढायची त्याला घाई झाली.

पण नोकरी करणाऱ्या माणसाला वाचायला वेळ काढायचा म्हणजे तो कशातून तरी काढावा लागतो. सकाळ घड्याळाची, दिवस साहेबाचा. राहता राहिली संध्याकाळ. त्यानं संध्याकाळ आवळायला सुरुवात केली. आधी आग्नेलच्या ओट्यावरचे पत्ते सोडले. आग्नेल पहिले काही दिवस कुंपणावरून हाक मारायचा, मग हाक मारायचा बंद झाला. मग क्रुसाच्या कट्ट्यावर बसणं सोडलं, तिथं तरी काय, कुठल्या बिल्डरनं कुठल्या वाडीतली पाण्याची बावखल बुजवली हेच रोज. मग रेजिनाची टीव्हीवरची मालिका बंद केली. तिनं कुरकुर केली नाही. उलट तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या भरात तिनं एक काम अंगावर घेतलं. ती संध्याकाळी दारात बसायची, आणि कोणी आलं की ओठांवर बोट ठेवून म्हणायची, “ते वाचतायत.” लग्नापासून ती त्याला तू म्हणायची. प्रमुख झाल्यावर चारचौघांत तुम्ही म्हणायला लागली, आणि पुढं घरातही. तो स्वतः घरात घरचीच बोली बोलायचा ती कधी सुटली ते त्याला कळलं नाही. एकदा जेवताना तो म्हणाला, “रेजिना, आपण परस्परांच्या उणिवांचा स्वीकार करायला हवा,” तेव्हा ती घास हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “आमटीत मीठ कमी पडलंय का?” तेव्हा तो हसला होता. आता त्याला हसू येईना.

यंदा उपवासकाळात, राखेच्या बुधवारानंतर थोड्याच दिवसांनी, रेजिना विहिरीपाशी पडली. डावी बाजू गेली. हॉस्पिटलात होती तोवर आळीतली माणसं पाळीपाळीनं येत होती, कोणी नारळपाणी, कोणी पेज, रॉबर्टनं तर आपला टेम्पो दोन दिवस हॉस्पिटलच्या दारात उभा ठेवला होता. ती घरी आली आणि हळूहळू माणसं यायची थांबली. दिवसा खाडीकडच्या गावातून कृष्णाबाई यायची, तिला अंघोळ घालायची, भरवायची, आणि काळोख पडायच्या आत परत जायची. आळीतली माणसं दिवसा कुठली मोकळी, कोणी भाजी घेऊन मुंबईला, कोणी भातात, कोणी दूध घालायला. येणार तर संध्याकाळी येणार. आणि संध्याकाळी कोणी येत नव्हतं. मुलगा जहाजावर, त्याचा फोन पंधरवड्यातून एकदा. व्हॅलेरियन घरी आला की तिला भात कालवून भरवायचा, तोंड पुसायचा, कूस बदलायचा, मच्छरदाणी खोचायचा. यात त्यानं कधी हयगय केली नाही. आणि मग तो बाहेरच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडायचा. या दुखण्यात तेवढा एक आधार होता. पुस्तकातली माणसं एकमेकांचे पाय धुत होती, आजाऱ्याच्या उशाशी आळीपाळीनं जागत होती, आणि ते वाचताना आपण त्यांच्यात आहोत असं त्याला वाटायचं. मधल्या दारातून रेजिना त्याची पाठ बघायची. तिला काय वाटतं ते तो विचारत नव्हता, कारण तिला बोलायला फार वेळ लागायचा.

एकदाच, मे महिन्यात, रॉबर्ट आणि त्याची बायको संध्याकाळी आली होती. वाटीत कोलंबीचं कालवण होतं. व्हॅलेरियन खुर्चीतून उठला, “या, या, बसा,” म्हणाला. पुस्तक त्यानं मिटलं होतं, पण खूण म्हणून बोट आतच होतं. ती दोघं बसली. रॉबर्ट पावसाबद्दल बोलला, मग विहिरीवर येणाऱ्या टँकरवाल्यांबद्दल बोलला, आणि बोलता बोलता त्याची नजर एकसारखी त्या बोटाकडे जात होती. “निघतो अंकल, तुमची वाचायची येळ,” असं म्हणून तो उठला. व्हॅलेरियन “बसा की” म्हणाला होता. म्हणाला होता हे त्याला पक्कं आठवतं. पण बोट त्यानं काढलं नव्हतं. पुढच्याच बैठकीत त्यानं आजाऱ्यांना भेटणं या विषयावर अर्धा तास सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही, पण आवाज कापत होता. आपण सगळे कसे कोरडे झालो आहोत, आपल्या उंबऱ्यापलीकडचं दुःख आपल्याला कसं दिसत नाही, असं तो म्हणाला. सगळे माना खाली घालून ऐकत होते. आग्नेल जमिनीवर नखानं रेघ ओढत होता. व्हॅलेरियन मनात म्हणाला, लागलं म्हणायचं कुठंतरी. संध्याकाळी आळी किती शांत झाली होती अलीकडे. पोरं त्याच्या घरासमोरून जाताना सायकलची घंटी वाजवत नव्हती. या शांततेबद्दल त्यानं देवाचे आभारसुद्धा मानले होते, चक्क गुडघे टेकून, त्याच खोलीत.

आतून रेजिनानं हाक मारली. हाक म्हणजे नुसता घशातला आवाज. तो गेला. मच्छरदाणीच्या आत तिचा चांगला डोळा उघडा होता आणि दाराकडे लागला होता. आज कृष्णाबाईनं तिला ठेवणीतली साडी नेसवली होती, केस विंचरून फूल माळलं होतं. दिवेलागणीला तिनं त्याला एकेक शब्द ओढत सांगितलं होतं, “दार... उघडं... ठेवा.” आणि तो म्हणाला होता, “डास येतात गं. ते आले की वाजवतील ना.” आता तिनं विचारलं, “गेली?” एवढा एकच शब्द, पण तो स्वच्छ आला. मूर्ती गेली का. व्हॅलेरियन म्हणाला, “नाही नाही. आज बदल केलाय थोडा. आज आग्नेलकडे, उद्या आपल्याकडे.” इतक्या सहज तो खोटं बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रेजिना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं चांगल्या हातानं उशीची कड धरली आणि जोर लावून, थोडंथोडं करत, तोंड भिंतीकडे केलं. कूस बदलायला तिला नेहमी तो लागायचा. आज तिनं त्याला बोलावलं नाही. केसांतलं फूल उशीवर पडलं आणि तिच्या मानेखाली चुरडलं.

तो तिथंच उभा राहिला. प्रथम त्याला राग आला, आणि राग आला म्हणून बरं वाटलं. उद्या फादरांकडे जायचं, प्रमुखपद त्यांच्या टेबलावर ठेवायचं. सांगायचं, फादर, ही माणसं सुधारणार नाहीत. आजारी बाईच्या दारावरून मातेची मूर्ती पुढं नेतात, आणि वर तिला ऐकू जाऊ नये म्हणून गाणं बंद करतात. पण हे वाक्य मनात नीट जुळवता जुळवता ते अडखळलं. ऐकू जाऊ नये म्हणून गाणं बंद केलं, म्हणजे त्यांनी काळजी घेतली होती. चोरून जाणारी माणसं पोराला ‘शू’ करत नाहीत, घाबरवतात किंवा ओढतात. ते ‘शू’ ओळखीचं होतं. रेजिना तस्संच करायची. आणि मग राग निघून गेला, आणि रागाच्या जागी काहीच आलं नाही. नुसतं रिकामं, गुदमरवणारं काहीतरी छातीत बसलं. ही बाई उद्याही वाट बघेल, परवाही बघेल, आणि मूर्ती आळी संपवून पलीकडच्या गावाला जाईल. पुढच्या ऑक्टोबरचं कोणी सांगावं. डॉक्टरनं पुढच्या ऑक्टोबरबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. या घरात आपण दोघं, एक भिंतीकडे तोंड करून आणि एक पुस्तकात डोकं घालून, असेच संपणार, असं त्याला वाटलं. तो बाहेर आला आणि दार उघडून अंगणात उतरला. पायांत चपलाही नव्हत्या.

आग्नेलचं घर म्हणजे कुंपणापलीकडेच. लहानपणी हे कुंपणच नव्हतं. दोन्ही घरांना एक अंगण, एक विहीर, आणि संध्याकाळची माळ एकत्र, सगळ्या पोरांना ओळीनं बसवून. पेंगणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचं काम आग्नेलच्या आईकडे असायचं, आणि तिला कोण आपलं नि कोण दिराचं हे अंधारात कळायचं नाही. तेव्हा आपण एकमेकांत राहत होतो, आणि ते आपल्याला ठाऊकही नव्हतं. केळीच्या पानांवरून वारा जात होता. आता रस्त्यावरून वळसा घालून जावं लागे, आणि ते एवढंसं अंतर चालताना त्याला एखाद्या परक्या गावात शिरल्यासारखं वाटत होतं. आग्नेलच्या उंबऱ्यावर एक मेणबत्ती जळत होती. ती ओलांडून तो आत गेला.

त्याला बघताच माळ म्हणणाऱ्यांचा आवाज विरला. सगळे उठले. बायका जमिनीवरून उठल्या, कोणीतरी खुर्ची पुढं केली, कोणीतरी ती पदरानं पुसली. एका पेटीवर लाल कापड घालून, त्यावर फुलांत मूर्ती ठेवली होती. “या या, प्रमुख,” आग्नेल म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. “माळ होऊ दे, मग दोन शब्द बोला.” व्हॅलेरियन उभाच राहिला. त्याला वाटलं होतं ओरडू. पण आवाज निघाला तो लहान आला. “माझ्याकडं का नाही आनली?” तो म्हणाला, आणि घरची बोली आपल्या तोंडात परत आलेली ऐकून तो स्वतःच दचकला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आग्नेलची बायको नातालीन पुढं आली. ती हळू आवाजात बोलली, मुलाला समजावतात तसं. “भावोजी, तुमच्या दारात मेनबत्ती नव्हती.”

“कसली मेणबत्ती?”

“उंबऱ्यावरची. मेनबत्ती लावलेली असली म्हंजे घर तयार हाय. नसली तर आज त्या घराला जमत नाय, असं समजायचं. कोनी आजारी असंल, कोनाच्या घरात काय असंल. इचारायचं नसतं. गुपचूप पुढं जायचं, म्हनून पुढच्या घरानं पन मेनबत्ती लावून तयार ऱ्हायचं.” ती थांबली. “रेजिनाबाय दर साली लावायची ना. आमाला वाटलं, तिला तरास होतो म्हनून तुमी नसंल लावली. आनि दार पन लावलेलं. तुमी वाचत होता.”

“मग गाणं का थांबवलं?”

“तुमच्या घरासमोर आमी रोजच गप होतो,” रॉबर्ट म्हणाला. “पोरं पन.”

व्हॅलेरियनला ती मेणबत्ती आठवली. दर वर्षी बघितलेली. त्याला ती शोभेची वाटायची; एकदा तर वाऱ्यानं पडेल म्हणून त्यानंच ती विझवून बाजूला ठेवली होती आणि रेजिना धावत येऊन पुन्हा लावून गेली होती, काही न बोलता. पन्नास वर्षं ज्या आळीत काढली तिथली ही एवढी साधी गोष्ट त्याला माहीत नव्हती, आणि इथं उभ्या असलेल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. असती तर त्यानं ती दोनदा वाचली असती. त्याला लाज वाटली, पण लाज ही आता फार छोटी गोष्ट होती. लाजेच्या खाली ते रिकामं, गुदमरवणारं तसंच होतं. “आता न्या,” तो म्हणाला. “आत्ता चला. ती वाट बघतेय.” आग्नेलनं मूर्तीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “एकदा बसवली की रातीला हलवत नाय रे,” तो ओशाळून म्हणाला. “उद्या संध्याकाळी आनतो. पयलं तुज्याकडं.” उद्या. व्हॅलेरियनच्या डोळ्यांपुढं ते तोंड फिरवणं आलं, उशीची कड धरलेला तो हात आला. उद्या असं तिला तो एकदा सांगून बसला होताच, खोटं म्हणून. आता ते खरं झालं होतं आणि तरी त्याचा उपयोग नव्हता. उद्यापर्यंत ती बाई भिंतीकडे बघत राहणार होती.

त्याला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते येत नव्हतं. आयुष्यात त्यानं कधी कोणाला काही उचलायला हात मागितला नव्हता. वडिलांची शवपेटी उचलायलासुद्धा लोक आपणहून आले होते. एकमेकांची ओझी वाहण्यावर तो कितीही वेळ बोलू शकत होता, बोललाही होता. “तिला इथं आणायचीय,” तो म्हणाला. “माझ्यानं एकट्यानं उचलवत नाही.” आणि सगळ्यांसमोर, लहान मुलासारखं, त्याला रडू फुटलं.

मग जे झालं ते भराभर झालं आणि त्यात त्याला करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. रॉबर्टनं आग्नेलकडची हातांची लाकडी खुर्ची उचलली. नातालीन आणि आणखी दोघी पुढं धावल्या. व्हॅलेरियन घरी पोचला तोवर मच्छरदाणी वर गेली होती, नातालीननं रेजिनाला उठवून बसवलं होतं आणि तिचे केस पुन्हा बांधत होती, तोंडानं काहीबाही बोलत, “एवढी नटलीस नि झोपलीस काय गं, चल, तुजी कोन वाट बगतंय बग.” खुर्चीवर उशी ठेवली, साडीच्या पट्ट्यानं तिला कमरेशी बांधली, आणि आग्नेल एका बाजूनं, रॉबर्ट दुसऱ्या बाजूनं, असे निघाले. व्हॅलेरियननं पाठ धरली होती. धरायची गरज नव्हती, पण त्यानं हात सोडला नाही. रस्त्यावर पोरांनी बॅटऱ्या धरल्या. कोणीतरी गाणं सुरू केलं, आणि या वेळी ते मध्ये थांबलं नाही.

माळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली, तिच्यासाठी. पुरुष ओट्यावर आणि दारात उभे होते, तो दारात होता, त्यामुळं त्याला तिचं तोंड दिसत होतं. तिचा ओठ प्रार्थनेबरोबर हलत होता, अर्धाच, जरा मागून. पुढं चणे वाटले. नातालीननं बोटांनी चणे चुरून तिला भरवले. एक म्हातारी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती ती तिला आळीतली बातमी सांगू लागली, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या मुलीला गास गावचं स्थळ आलं आणि मुलानं बघायच्या दिवशी पँट उलटी घातली होती. रेजिना हसली. तो दचकला. अर्ध्या तोंडाचं, वाकडं, आवाज घशात घरघरणारं हसू, पण हसू. मार्चपासून त्यानं ते ऐकलं नव्हतं. त्याला वाटलं होतं ते त्या पडण्याबरोबरच गेलं. ती बोलत होती. तोडून तोडून, पण बोलत होती, आणि कोणी घाईनं तिचं वाक्य पुरं करत नव्हतं. बायका चणे खात थांबायच्या, शब्द आला की घ्यायच्या. एवढं सोपं होतं ते. आनंदानं त्याचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की या सगळ्यात तिनं एकदाही दाराकडे, त्याच्याकडे, बघितलेलं नाही. ती त्याला टाळत नव्हती. त्याची आठवण यायला तिला सवडच झाली नव्हती.

माणसं पांगू लागली. आग्नेल आणि रॉबर्ट खुर्चीपाशी आले, “चला बाय, स्वारी परत,” असं काहीतरी म्हणाले. रेजिनानं चांगल्या हातानं नातालीनचा पदर धरला. “नको,” ती म्हणाली. नातालीन वाकली. “काय नको? पानी नको?” रेजिनानं मान हलवली. शब्द यायला वेळ लागला, आणि सगळे थांबले, तोही थांबला. “घर... नको.” मग नातालीननं तिच्या गालावरून हात फिरवला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ऱ्हाऊ दे आज इथं. माझ्याच खोलीत झोपंल. आनि उद्याचं उद्या बगू.” ती व्हॅलेरियनकडे वळली. “चालंल ना, भावोजी?”

तो पुढं आला. रेजिनानं आता त्याच्याकडे बघितलं. त्यानं तिच्या डोळ्यांत राग शोधला. तिनं रागावावं, काहीतरी बोलावं, एवढी वर्षं मनात ठेवलेलं बाहेर टाकावं, म्हणजे त्याला पाय धरता आले असते. पण राग नव्हता. काळजी होती, ती पूर्वी दारात बसून लोकांना गप्प करायची तेव्हा जी असायची तीच. “तुम्ही जा,” ती म्हणाली. मग श्वास घेऊन, “तुमचं... वाचायचं... राहिलं.”

“मी नाही वाचत,” तो म्हणाला. ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. नातालीन तिला बिछान्याकडे नेण्याच्या खटपटीत होती. तो आग्नेलकडे वळला. “आग्नेल, मी पन ऱ्हातो,” तो म्हणाला. “ओट्यावर पडतो. चटई दे नुसती. मला पन ऱ्हाऊ दे.” त्याचा आवाज फाटला होता, पण माणसं दमलेली होती, पोटभर चणे खाल्लेली होती, आणि रात्र चांगली गेली होती. रॉबर्ट हसला. मग आग्नेल हसला, आणि मग आणखी दोघंतिघं, मनापासून, मायेनं. “प्रमुख आज मस्करीत हायत,” कोणीतरी म्हणालं. “तुला ओट्यावर कशी झोप येनार,” आग्नेल त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “नि तुजी पुस्तकं तिकडं. जा तू, तिची काळजी नको करू, आमी हाय.” एकानं पोरांना दटावून दारातून बाजूला केलं, रॉबर्टनं मधली खुर्ची भिंतीकडे सरकवली, बायकांनी पाय आखडून घेतले, आणि सगळ्यांनी त्याला घरी जायला वाट करून दिली.